एकशे सतरा नंबरचा दिवा

आमच्या खाणीतल्या टोळीचे सरदार, म्हणजे मुकादम, पैकूजी त्याआधी कधी माझ्या क्वार्टरवर आले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते दारात आले, चपला बाहेर काढल्या आणि खाट रिकामी असताना जमिनीवर बसले. तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस काहीतरी मागायला आला आहे.

"चहा ठेवतो," मी म्हणालो.

"चहा नको. तुयाकडे एक काम हाय, देवतळे."

"बोला नं जी."

ते भिंतीकडे बघत बसले. माझ्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. एक कॅलेंडर होतं, तेही खताच्या दुकानाचं, गव्हाच्या ओंब्यांचं चित्र असलेलं. बाकीच्यांच्या क्वार्टरांत त्या जागी कालीमाय असायची.

"वच्छला उद्या सकाळी खानीवर येनार हाय," शेवटी ते म्हणाले. "पाळीच्या टायमाले, दिव्यापाशी. म्हनते, टोळीतल्या एका मानसानं दिव्यावर हात ठेवून सांगा, का उद्धव जाग्यावरच गेला. त्याले काही समजलंच नाही."

वच्छला म्हणजे उद्धव निखाडेची बायको. उद्धव आमच्या टोळीतला. त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते.

"मग?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच पैकूजी माझ्याकडे का आले ते मला कळलं.

ते समजायला आमच्या खाणीचा एक नेम माहीत असायला हवा. वणीकडच्या कोळसापट्ट्यातली ती जुनी खाण. जिथून उतार आत जातो त्या तोंडाशीच कालीमायचं ठाणं होतं. चौथरा, वर पत्रा, शेंदूर फासलेला दगड आणि त्याच्यापुढे बारमाही तेवणारा दिवा. खाली उतरणारा प्रत्येक जण त्या दिव्याच्या तेलात बोट बुडवायचा आणि आपल्या टोपाच्या कडेला ठिपका लावायचा. आणि त्या दिव्यावर हात धरून जो खोटं बोलेल तो खालून परत येत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. टोळीतले सगळे तंटे त्यावरच मिटत. कुणाचा डबा कुणी खाल्ला इथपासून कुणाच्या बायकोकडे कोण बघतं इथपर्यंत. "चाल दिव्यापाशी" म्हटलं की खोटा माणूस आपण होऊन कबूल व्हायचा.

मी तेल लावत नसे. हट्ट म्हणून नव्हे, आमच्या घरात देवच नव्हता. वडील मास्तर. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात त्यांनी रेडिओ ठेवला होता आणि आई त्यावर विणलेला रुमाल घालायची. वडील म्हणायचे, "जे मनात नाही ते हातानं करू नये." मी खाणीत लागलो तेव्हा पहिले काही महिने माझ्याबरोबर खाली यायला कुणी राजी नव्हतं. मल्लय्या तर तोंडावर म्हणाला, "नावात देव आन् डोक्यात गोटा. याच्यापायी आपल्यावर छत पडन." शेवटी पैकूजींनी मला टोळीत घेतलं. "याच्या वाटचं तेल मी लावतो," ते म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या टोपावर रोज दोन ठिपके असायचे, एक त्यांचा आणि एक माझा. मी हसायचो. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

उद्धवचा टोपावरचा बॅटरीचा दिवा एकशे सतरा नंबरचा, माझा एकशे अठरा. हे दिवे जिथं मिळत त्या दिव्याच्या खोलीच्या खिडकीशी आम्ही एकामागे एक उभे राहायचो, आत डबाही एकत्र खायचो. तो भाबडा माणूस. "तू मायले नाही मानत, पन माय तुले मानते," असं म्हणून माझ्या डब्यातली वांग्याची भाजी ओढून घ्यायचा.

त्या दिवशी आम्ही पाच जण खाली होतो. पैकूजी, मल्लय्या, गुलाब सोयाम, उद्धव आणि मी. छताला आधार म्हणून कोळशाचे जे खांब सोडलेले असतात, तेच शेवटी काढून घ्यायचे, असं ते काम. त्यात मागचं छत बसणारच असतं. फक्त ते कधी बसणार हे ओळखता यावं लागतं. त्या दिवशी ते ओळखता आलं नाही. जेवणाची सुट्टी संपवून उद्धव विसरलेली सब्बल, म्हणजे पहार, आणायला मागे गेला आणि मधल्या वाटेत छत खाली आलं.

धूळ बसेपर्यंत कुणाला कुणी दिसत नव्हतं. पैकूजींनी नावं घेतली, तेव्हा चार जणांनी ओ दिली. समोर वाट नव्हती, दगडांची भिंत होती. आणि मग त्या भिंतीआडून ठोके ऐकू आले. तीन ठोके. जरा थांबून पुन्हा तीन.

ठोक्यांची भाषा खाणीत सगळ्यांनाच येते. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे येतो. तीन म्हणजे मी इथं आहे.

"जिता हाय!" गुलाब ओरडला.

आम्ही दगड काढायला लागलो. नुसत्या हातांनी, सब्बलींनी, फावड्यांनी. अर्धा तास काढले असतील. एक दगड काढला की वरून दोन घसरत. तो ठोकत होता आणि आम्ही काढत होतो. मग आमच्या डोक्यावरचं छत बोलायला लागलं. आधी बारीक कुरकुर, मग लाकडी टेकू कण्हल्यासारखा आवाज, मग मानेवर खडे. पैकूजींनी वर बघितलं आणि एका क्षणात सांगितलं, "चला बाहेर."

"अन् उद्धव?" मी म्हणालो.

"चाल म्हनतो नं! एकापायी चार देऊ काय मी?"

ते बरोबरच होतं. आजही मला ते चूक वाटत नाही. मल्लय्या आणि गुलाब मागे सरकले. मी सगळ्यांत पुढे, दगडांशी होतो. पलीकडून पुन्हा तीन ठोके आले. मी सब्बल उचलली आणि दगडावर दोन ठोके दिले. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मग पैकूजींनी माझा पट्टा धरून मला ओढलं आणि आम्ही पळालो.

आम्ही वर आलो, बचावाचं पथक खाली उतरलं. संध्याकाळच्या आत ते छत दुसऱ्यांदा बसलं. उद्धवला तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढलं. चादर गुंडाळूनच घरी नेलं, तोंड दाखवलं नाही. त्याचा टोप, पट्टा आणि दिवा चौकशीवाल्यांनी पिशवीत घालून नेले. डॉक्टरांच्या कागदावर दगडाखाली दबून मृत्यू, एवढंच होतं. कधी दबला ते नव्हतं. वच्छलेला आम्ही चौघांनी एकच सांगितलं, जाग्यावरच गेला. पण पाणी उपसायच्या पंपावर त्या वेळी एक माणूस होता, त्यानं ठोके ऐकले होते. वसाहतीत गोष्ट फुटायला कितीसा वेळ लागतो?

"सांगून टाका तिले खरं," मी पैकूजींना म्हणालो.

"तिले खरं सांगतलं तर ते बाई जन्मभर ठोके ऐकन. चांगलं होईन काय ते?"

"मग तुम्ही ठेवा हात. सरदार तर तुम्ही."

"मले उद्या खाली उतराचं हाय, देवतळे."

"मले नाही उतराचं?"

पैकूजींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, डोळे लाल झालेले. "तुयासाठी तो नुसता दिवा हाय. तूच म्हनत आला इतके वर्सं. आमच्यासाठी तसं नाही. मल्लय्याले तीन पोरी हायेत, गुलाबचं मागच्याच उन्हाळ्यात लगन झालं. त्यायचा हात थरथरला तरी तिले समजन." मग हात जोडून म्हणाले, "तुले काही लागत नाही त्याचं. तिच्यासाठी कर."

मला नाही म्हणता आलं नाही. त्यात दया होती, तशी एक घमेंडही होती, हे लपवून काय करू? इतकी वर्षं यांनी ज्याची टिंगल केली, ते माझं न मानणंच आज यांच्या उपयोगाला येतंय, असं काहीतरी.

सकाळी वच्छला आली ती एकटीच. पांढरं लुगडं नव्हतं, रोजचंच पातळ होतं, फक्त कपाळ रिकामं. ठाण्यापुढे आम्ही चौघं उभे होतो. तिनं चौघांकडे क्रमानं बघितलं. पैकूजींनी मान खाली घातली. मल्लय्या टोपाचा पट्टा नीट करत राहिला. मी पुढे झालो.

"हे सांगतील?" ती पैकूजींना म्हणाली. "हे तर मानत नाहीत."

मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात तीच म्हणाली, "नाही. हेच सांगू द्या. हे म्हनत असत, देवतळे मायशीबी खोटं बोलत नाही, म्हनून हात जोडत नाही." हे म्हणजे उद्धव. नवऱ्याचं नाव ती अजूनही घेत नव्हती. "ज्यानं आजवर हात लावला नाही, त्यानं लावला तर खरंच असन. सांगा, भाऊजी."

आता वाटतं, तेव्हा मी हात मागे घ्यायला हवा होता. पण मागे तीन माणसं श्वास धरून उभी होती आणि पुढे ती. मी ज्योतीवर तळहात धरला. चटका बसला, तो मला बरा वाटला.

"उद्धव जाग्यावरच गेला, वहिनी. त्याला काही कळलं नाही."

"ठोके नव्हते?"

"नव्हते."

तिनं तोंडावर पदर घेतला आणि तिथेच खाली बसली. बरीच रडली. मग उठली, देवीच्या पाया पडली आणि माझ्याही पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो.

आम्ही खाली उतरलो. उतारावरून पुढे चालणाऱ्या पैकूजींच्या टोपावर माझ्या दिव्याचा झोत पडला आणि मी बघतच राहिलो. त्यांच्या टोपावर एकच ठिपका होता.

त्या पाळीत कुणी माझ्याशेजारी काम केलं नाही. मी एका टोकाला आणि ते तिघं दुसऱ्या टोकाला. डबा मी एकट्यानं खाल्ला. माझ्या डोक्यावरचं छत तपासायला गुलाब आला, त्यानं दोन ठोके दिले आणि घाईनं परत गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या दृष्टीनं तो नुसता दिवा होता, पण त्यांच्या दृष्टीनं नव्हता ना. त्यांच्या दृष्टीनं मी आज परत वर जाणार नव्हतो, आणि हे माहीत असूनच त्यांनी मला पुढे केलं होतं. ज्या माणसानं दहा वर्षं माझ्या वाटचं तेल लावलं, त्यानंच. मला फार राग आला आणि मग भीतीही वाटली. देवीची नाही. त्या काळोखात मला सारखे तीन ठोके ऐकू येत होते, त्यांची.

पाळी संपली आणि मी धडधाकट वर आलो. उजेडात आल्यावर मल्लय्यानं माझ्या दंडाला हात लावून बघितला आणि गुपचूप निघून गेला.

अडीच महिन्यांनी वच्छलेला नवऱ्याच्या जागी नोकरी लागली. दिव्याच्या खोलीत. पाळीवर येणाऱ्याचा बिल्ला घ्यायचा आणि त्याच्या नंबरचा दिवा खिडकीतून द्यायचा, पाळी सुटली की दिवा घेऊन बिल्ला परत करायचा, हे तिचं काम. त्या खिडकीच्या बरोबर समोर ठाणं होतं. पहिल्या दिवशी मी दिवा घेतला आणि सवयीनं ठाण्यावरून सरळ पुढे निघालो. पैकूजींनी माझं मनगट धरलं.

"तेल लाव," ते हळूच म्हणाले.

"काऊन?"

"वच्छला पाहून रायली. दिव्यावर हात ठेवनारा मानूस तसाच चालला, तर ते काय समजन? हा कालबी मानत नव्हता, आजबी मानत नाही. मग त्याच्या शब्दाले काय अर्थ रायला?"

मी खिडकीकडे बघितलं. ती बघतच होती. मी तेलात बोट बुडवलं, टोपाला लावलं आणि हात जोडले.

मग रोजच जोडत राहिलो, एकोणीस वर्षं. सकाळची पाळी, दुपारची पाळी, ती खिडकीत असो वा नसो, कारण ती नसली तरी सांगणारे होतेच. उद्धवच्या मरणानं देवतळे मार्गाला लागला, असं लोक म्हणू लागले. नवरात्रात दिव्याची वात बदलायचा मान मला मिळाला. गावी वडिलांच्या कानावर गेलं. तेव्हा ते अंथरुणावर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "भीती वाटली का रे?" मी हो म्हणालो. ते कूस बदलून भिंतीकडे वळले. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही.

गुलाब बदली घेऊन गेला, मल्लय्या दारू पिऊन गेला. पैकूजी निवृत्त होऊन घरी, आपल्या अंथरुणात वारले. मरायच्या आधी मी भेटायला गेलो तर म्हणाले, "तू परत आला त्या दिवशी. मग माय हाय का नाही रे?" मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. म्हातारा तसाच संशयात गेला.

मी निवृत्त झालो त्या दिवशी पाळी सुटल्यावर लोकांनी हार घातला. साहेबांनी भाषणात माझ्या कामापेक्षा माझ्या भक्तीचंच कौतुक जास्त केलं. मग मी शेवटचा दिवा जमा करायला खिडकीशी गेलो. वच्छलेचे केस पांढरे झाले होते. तिनं माझा एकशे अठरा नंबर घेतला, बिल्ला दिला आणि म्हणाली, "थांबा, भाऊजी."

ती आत गेली. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा दिवा पुन्हा कुणाला देत नाहीत, मागच्या फळीवर ठेवून देतात. तिथून तिनं एक जुना दिवा आणला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पितळी पट्टीवर एकशे सतरा.

"चौकशीवाल्यायनं परत पाठवला होता. मी कामाले लागली त्याच्या चौथ्या दिवशी पिशवीतून काढला," ती म्हणाली. "त्यायचा हात लागला होता म्हनून नुसतं बटन फिरवून पायलं. तर लागला. मिनमिन, पन लागला."

मी पट्टीवरचा नंबर पुन्हा वाचला.

"तवा मले या कामातलं काही समजत नव्हतं. मग समजलं. पाळीभर जळला का हा दिवा संपते. हे तर तिसऱ्या दिवशी निंगाले. जाग्यावर गेले असते तर दिवा तसाच जळत रायला असता, पार संपला असता. कोनं बंद केला, भाऊजी?"

इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. रोज दिवा लावणारी आणि रोज विझवणारी माणसं आम्ही.

"ठोके होते," मी म्हणालो. "तीन तीन. आम्ही निघालो तेव्हाही होते."

"आन् तुमी?"

"मी दोन दिले."

"दोन म्हंजे?"

"येतो."

ती त्या दिव्याकडे बघत राहिली. मग तिनं बोटानं बटणावरची धूळ पुसली. "म्हनून बंद केला," ती म्हणाली. "तुमी येनार म्हनून. पुढं उजेड लागन, असं वाटलं असन त्यायले. काटकसरीचा मानूस."

"तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं. मग कधी विचारलं का नाही, वहिनी?"

"रोज वाटे विचारावं. पन तुमी रोज हात जोडत. मी म्हनलं, ज्या दिवशी हा मानूस हात न जोडता जाईन, त्या दिवशी तो आपल्याकडे येईन आन् खरं सांगन." तिनं दिवा उचलून पोटाशी धरला. "मीबी थांबली, भाऊजी. तुमी आलेच नाही."

मागून कुणीतरी हाक मारली, "देवतळेजी, चला, मायले शेवटचं तेल लावा, फोटो काढाचा हाय." वच्छलेनं खिडकी लावून घेतली. ठाण्यापुढे सगळे माझ्यासाठी वाट करून उभे होते. मी गळ्यातला हार काढला, जवळच्या माणसाच्या हातात दिला आणि ठाण्यातल्या दिव्यावरून, हात न जोडता, सरळ फाटकाकडे चालत गेलो. खिडकी बंदच होती.